केळकर, काळे आणि काले

गेल्या दिवाळीनंतर इंदूरच्या मल्हारगंजात आत्याच्या घरी आठ दिवस मुक्काम घडला. आत्याच्या यजमानांचा ग्रंथसंग्रह एका वाचनालयास द्यावयाचा होता. त्याची बिबटेक पद्धतीची सूची आतेभावाने टंकून ठेवली होती. नोंदी वेगळ्या करून लेखकवार लावण्याचे काम मी अंगावर घेतले. त्यासाठी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’चा, म्हणजे अक्षरांचा साचा सांगून मजकूर शोधण्याच्या रीतीचा, आश्रय केला.

पहिली अडचण कंसांची. अशा सूचीत प्रत्येक नोंद ‘@’ या चिन्हाने सुरू होते आणि महिरपी कंसात बंद असते. परंतु आतील शीर्षक, लेखक, वर्ष यांनाही तेच कंस. ‘पहिला मिटता कंस आला की नोंद संपली’ असे सांगताच नोंदी शीर्षकापाशीच तुटू लागल्या. कंसात कंस किती खोल गेले आहेत हे मोजणे साध्या साच्याच्या आवाक्यात नाही. सुदैवाने आतेभावाने नोंदीचा शेवटचा कंस नेहमी स्वतंत्र ओळीवर दिला होता. तीच खूण धरली.

दुसरी अडचण मराठीची. न. चिं. केळकर त्या सूचीत कोठे ‘केळकर’ होते, कोठे ‘केलकर’. हिंदीच्या नित्य सहवासात ‘ळ’चा ‘ल’ होतो. ‘के[ळल]कर’ असा साचा लिहिला. चौकटी कंसातील कोणतेही एक अक्षर चालत असल्याने दोन्ही रूपे एकत्र सापडली. त्या यशाने धीर चढला आणि मी सूचीतले सारे ‘काले’ एका आज्ञेने ‘काळे’ करून टाकले.

संध्याकाळी आत्याने कपाटातून एक पातळ पुस्तक काढून पुढे ठेवले. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘काले’. “हे आपले शेजारी होते. मराठीच बोलत, पण नाव असेच लिहीत. तू कशाला बदललेस?”

मजजवळ उत्तर नव्हते. २०१४ साली बेळगावचे सरकारी कागदोपत्री ‘बेळगावी’ झाले, तेव्हा नाव कसे लिहावे हे नाव धारण करणाऱ्याने ठरवावे, असे आपण सीमाभागातील मंडळी पोटतिडकीने सांगत होतो. येथे ‘ळ’च्या प्रेमापोटी मीही तेच केले होते.

मूळ फाइल राखून ठेवली होती, म्हणून निभावले. आता मुखपृष्ठावर जसे असेल तसेच नाव नोंदीत ठेवले आहे; सैल साचा केवळ शोधण्यापुरता. वाचनालयाकडे गेलेल्या सूचीत काळे आहेत आणि कालेही आहेत.