इन्व्हर्टरवर खापर फोडण्याआधी

पावसाळा लागला की घरगुती सौर यंत्रणेची एक तक्रार हमखास कानावर येते. सकाळी इन्व्हर्टर ‘आयसोलेशन फॉल्ट’ दाखवून बंद पडतो आणि दुपारी ऊन तापलं की आपोआप सुरू होतो. त्यावर सर्रास निघणारा निष्कर्ष म्हणजे ‘इन्व्हर्टर गेला’. मला तो पटत नाही, कारण बिघाडाची वेळच वेगळं सांगते. इन्व्हर्टरमधला जळलेला भाग ऊन पाहून बरा होत नाही. उन्हाने सुकते ती गच्चीवरची ओल. बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं, नाहीतर पॅनेलच्या चौकटीच्या धारेवर घासून केबल सोललेली असते, आणि तिथून करंट अर्थिंगकडे झिरपत असतो. ते ओळखून थांबणारा इन्व्हर्टर आपलं काम चोख करत असतो. म्हणून कुठलाही भाग बदलण्याआधी डीसी बाजूची जोडणी मोजली गेलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मोजून किती कळतं ते पाहा. ५४० वॅटची सहा पॅनेलं सिरीजमध्ये आहेत असं धरू. अशा एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज साधारण ४९, म्हणजे सहांचं २९४. पण हा आकडा २५ अंशांचा. भर दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की व्होल्टेज दहा-अकरा टक्क्यांनी उतरतं, त्यामुळे मीटरवर २६० च्या आसपास दिसलं तर काळजीचं कारण नाही. त्याऐवजी २१८ दिसलं तर एक अख्खं पॅनेल हिशोबातून गळालंय. फक्त पंधराएक व्होल्ट कमी असतील तर एखाद्या पॅनेलचा बायपास डायोड शॉर्ट झाल्याची शंका घ्यावी, कारण एका पॅनेलमध्ये सहसा असे तीन डायोड असतात आणि प्रत्येकाकडे पॅनेलचा एक तृतीयांश भाग असतो. शून्य आलं तर फ्यूज, आयसोलेटर किंवा सुटलेला सांधा तपासायचा. गळतीची जागासुद्धा मीटर दाखवतो. सिरीजमधल्या पॅनेलांची माळ, म्हणजे स्ट्रिंग, इन्व्हर्टरपासून पूर्ण सोडवून तिची दोन्ही टोकं अर्थिंगशी मोजायची. निरोगी स्ट्रिंगमध्ये आकडे घसरत शून्याकडे जातात. ते स्थिर राहिले, समजा निगेटिव्ह बाजूला ८७ आणि पॉझिटिव्ह बाजूला १७५, तर ८७ म्हणजे बरोबर दोन पॅनेलांचं व्होल्टेज. निगेटिव्हकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलमधली जोडणी आधी उघडून पाहायची.

व्होल्टेज बरोबर आलं म्हणजे जोडणी ठीक, असं कुणी म्हणेल. तेही अपुरं आहे. अर्धवट दाबलेला किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे भाग जुळवून बसवलेला एमसी-फोर कनेक्टर करंट वाहत नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि लोड आला की तापतो. म्हणून चालू यंत्रणेवर डीसी क्लॅम्प मीटरने करंट आणि थर्मल कॅमेऱ्याने सांधेही पाहायला हवेत.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. घरातल्या एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला ती मिळत नाही. लोडवर असलेला कनेक्टर ओढला तर जाळ धरतो, आणि ऊन असेपर्यंत पॅनेलांना बंद करायचं बटण नसतं. तेव्हा घरमालकाने गच्चीवर हात घालू नये. मोजणी प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावी. पण मोजणी मागणं हा घरमालकाचा हक्क आहे. वॉरंटी आहे ना, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. वॉरंटी पॅनेलची आणि इन्व्हर्टरची असते; सांधा माणसाच्या हातांनी केलेला असतो. ॲपही कमी झालेली वीज दाखवतं, सुटलेला सांधा नाही.

२०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. एवढा सार्वजनिक पैसा ज्या गच्चीवर चढतो, तिथे पहिल्या दिवसाच्या मोजणीचा कागद असू नये, हे मला खटकतं. तुमच्याकडे यंत्रणा असेल तर तंत्रज्ञाच्या पुढच्या भेटीत प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज, करंट, अर्थिंगशी इन्सुलेशन, तारीख आणि वेळ लिहून घ्या, आणि तो कागद इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर लावून ठेवा.