खोका की प्लगइन?

सिंथेसायझरवाल्या मंडळींत एक वाद कधीच मिटत नाही. खरा खोका भारी, की लॅपटॉपमधलं त्याचं सॉफ्टवेअर? मी दिवसभर कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे माझं मत सगळे आधीच गृहीत धरतात. बरीच वर्षं ते बरोबरही होतं. पण माझी सुई जिथे अडकली ते यंत्र म्हणजे रोलंडचा टीबी-३०३, आणि तिथे प्रकरण जरा वेगळं आहे.

घरी सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून आलेलं हे चंदेरी यंत्र. आवाज बेस गिटारच्या जवळपासही जाणारा नव्हता. १९८४ मध्ये ते बंदच झालं. मग सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागलं, आणि १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटानं ते वाजत असतानाच त्याची बटणं पिळून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केलं. अ‍ॅसिड हाऊस म्हणतात ते हेच. गंमत अशी की त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी हाच खोका, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. भैरव, भूपाळी, मालकंस, सगळे. रेकॉर्ड फारशी कुणी ऐकली नाही; २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाचे कान टवकारले. (आपल्याकडच्या गोष्टी बाहेरून फिरून आल्या की आपल्याला कळतात, हे नेहमीचंच.)

आता या खोक्याचं सॉफ्टवेअर करायचं म्हणजे काय करायचं? सॉ आणि स्क्वेअर, दोनच लहरी, त्या सोप्या. सूर सरकतो तो स्लाइडही सोपा. सुरांमधलं अंतर कितीही असो, तो ठरलेल्या वेळातच सरकतो. मींड घेणाऱ्या गायकाला हे बिलकुल आवडणार नाही. गोची अ‍ॅक्सेंटमध्ये आहे. जोर दिलेला सूर आला की एक कपॅसिटर चार्ज होतो. तो पूर्ण रिकामा व्हायच्या आत पुढचा जोर आला, तर फिल्टर आणखी वर उघडतो. म्हणजे मागे काय वाजलं हे यंत्राला 'आठवतं'. सुरुवातीच्या बऱ्याच नकलांत ही आठवणच नव्हती, म्हणून त्या मेल्यासारख्या वाजायच्या.

त्याहून मोठी पंचाईत फिल्टरची. त्यातून निघालेला आवाज थोडा परत आत जातो. तारेत हे त्याच क्षणी घडतं. कोडमध्ये मात्र सेकंदाचे ४४,१०० तुकडे केलेले, आणि आत्ताचं आउटपुट काढायला आत्ताचंच आउटपुट हवं. जुन्या प्लगइन्सनी एक तुकडा आधीचं वापरून वेळ मारून नेली. उशीर जेमतेम २३ मायक्रोसेकंदांचा, पण वरच्या पट्टीत रेझोनन्स जागचा हलतो. नवी प्लगइन्स दर तुकड्याला समीकरण सोडवतात, बऱ्याचदा न्यूटन-राफसननं. इंजिनिअरिंगच्या गणितात मार्कांपुरती घोकलेली ही पद्धत इथे भेटली तेव्हा मला खरोखर भरून आलं.

त्यामुळे आवाजाच्या मुद्द्यावर मी आजही सॉफ्टवेअरच्याच बाजूनं आहे. एका मित्राकडे बेहरिंगरचा टीडी-३ आहे, म्हणजे ३०३ची अ‍ॅनालॉग नक्कल. मी डोळे मिटले आणि त्यानं आलटूनपालटून दोन्ही वाजवले. मिक्समध्ये मला फरक सांगता आला नाही. शिवाय रोलंडनं २०१६ मध्ये स्वतःच काढलेल्या टीबी-०३ या खोक्याच्या आत डिजिटल मॉडेलच आहे. त्याला काय म्हणायचं, हार्डवेअर?

तरीही नंतर मी टीडी-३ घेतला. आई म्हणाली, "एवढ्यात पेटी आली असती." खरंय तिचं. पण कारण आवाजाचं नव्हतंच. संध्याकाळी प्लगइन उघडायचो तो त्याच स्क्रीनवर, ज्यावर दिवसभर बग्ज बघितलेले. कोपऱ्यात ऑफिसचा मेसेज टुणकन यायचा. अठ्ठेचाळीस प्रीसेट चाळायचे, फाइलला 'फायनल_३' नाव द्यायचं, झोपायचं. दोन वर्षांत एक गाणं पुरं झालं नाही. जी एक गोष्ट नोकरी नव्हती, तीही नोकरीसारखी वाटायला लागली होती.

खोक्यावर प्रीसेट नाहीत, अनडू नाही. सूर एका मोडमध्ये भरायचे, त्यांची लांबी दुसऱ्यात. दोन्ही यादी डोक्यात ठेवता ठेवता भलतंच काहीतरी तयार होतं आणि तेच आवडतं. एकदा बटणं हलली की कालचा आवाज गेला. म्हणून हाताशी आलेलं त्याच रात्री रेकॉर्ड करावं लागतं. गेल्या पावसाळ्यापासून चार गाणी झाली.

रेकॉर्डिंग अर्थात लॅपटॉपवरच. एखाद्या ओळीत गडबड असली तर तेवढी प्लगइनमध्ये वाजवून मध्ये चिकटवतो. कुठे चिकटवलंय ते मित्राला ओळखता आलं नाही, आणि आता मलाही आठवत नाही.