किनवटचा कंदील

दिवाळीच्या सुटीआधी व्याख्यानानिमित्त किनवटला जाण्याचा योग आला. आदिलाबादच्या गाडीत सहस्रकुंड मागे पडले, की सागाचे रान सुरू होते. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तेलुगू अजून कानी पडते.

कॉलेजच्या आवारात मुलांनी हातच्या वस्तूंची दुकाने मांडली होती. रंगवलेल्या पणत्या, कागदी फुले आपल्या शहरांतही असतात. पाय थबकले ते बांबूच्या आकाशकंदिलापाशी. विकणारी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, कोलाम. टोपल्या-सुपे विणणे हे तिच्या जमातीचे पिढीजात काम.

"केवढ्याला?"

"तीनशे, सर."

"दोनशे घे." घासाघीस केल्यावाचून खरेदी झाली असे आम्हां मंडळींना वाटतच नाही!

तिने कंदील उलटा करून आतली वीण दाखवली. "ओला बांबू चिरायचा, कामट्या तासायच्या. दीड दिवस जातो. बाबा बाजारात मागाल त्या भावानं देऊन टाकतात. संध्याकाळची बस चुकेल म्हणून. मी तर इथंच शिकते, सर. मला कुठं जायचंय?"

मी ओशाळलो. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "२०१७ पासून शेतातल्या बांबूला कायदा झाड मानत नाही. आता सोपं झालं असेल."

"आमचं शेत कुठंय, सर? विकतच आणतो."

तीनशे मोजले. घरी सौ.ने पहिला प्रश्न केला, "घासाघीस केलीत ना?"

"केली. पण तिला बस गाठायची नव्हती."