लाकूड धुण्याचा व्यवसाय

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे अथवा मुलीकडे एखादा उन्हाळा राहून आलेल्या ज्येष्ठांना ‘डेक’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. घराच्या मागील दारी, जमिनीपासून दोन-चार हात उंचीवर, खांबांवर उभारलेला तो लाकडी ओटा. सकाळचा चहा, नातवंडांचा खेळ, शनिवारच्या पाहुण्यांची पंगत, सारे तेथेच. आपल्याकडच्या जुन्या घरात सोप्याला जे स्थान होते, तेच तिकडे डेकला आहे. फरक इतकाच की सोप्यावर छप्पर असते आणि डेक मात्र बारा महिने उघड्यावर ऊन, पाऊस आणि बर्फ सोसत असतो.

साहजिकच तो काळवंडतो. दोन-तीन वर्षांत नव्या लाकडाची तांबूस झळाळी जाऊन राखाडी कळा येते, सावलीच्या बाजूस शेवाळ धरते. असा डेक धुऊन, वाळवून, त्यास पुन्हा तेलाचा हात देणे हा तिकडे एक स्वतंत्र व्यवसाय आहे. एक गाडी, पाण्याची टाकी, रबरी नळ्या आणि ‘प्रेशर वॉशर’ नावाचे यंत्र एवढ्या भांडवलावर कोणीही त्यात उतरू शकतो. दुकानाचे भाडे नाही, माल भरून ठेवणे नाही, उधारीही फारशी नाही. व्यापारी घरातील तरुणाला मोह पडावा असेच हे चित्र आहे. पण ज्या धंद्यात शिरणे सोपे, त्यातून बाहेर फेकले जाणेही सोपे असते, आणि या धंद्यात ते का घडते हे पाहण्यासारखे आहे.

लोकांची समजूत अशी की यंत्राचा जोर जितका अधिक, तितके काम चांगले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोटारीच्या चाकात साधारण ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड, इतका हवेचा दाब असतो. बाजारात सहज मिळणारे यंत्र २,००० ते ३,००० पीएसआय दाबाने पाणी फेकते. जर्मनीच्या आल्फ्रेड कार्शर यांनी १९५० साली उच्च दाबाने गरम पाणी फेकणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हापासून लोखंड, सिमेंट आणि वाहने धुण्याचे काम फार सुकर झाले. परंतु लाकूड म्हणजे लोखंड नव्हे. पाइन किंवा सीडर यांसारख्या मऊ लाकडाला ५००-६०० पीएसआय पुरेसे होतात. त्याहून फार अधिक दाब दिला की दोन वर्षरेषांमधील मऊ भाग उखडून जातो, कठीण रेषा उभ्या राहतात आणि पृष्ठभागावर कापसासारखे तंतू उठतात. त्यावरून अनवाणी चालणाऱ्या मुलाच्या पायात कूस शिरलीच म्हणून समजावे. यंत्रासोबत रंगीत टोपणांची नोझल मिळतात. लाल नोझलमधून पाण्याची सुईसारखी एकच धार येते, पांढऱ्यातून ४० अंशांत पसरलेला पंखा. लाल नोझलची धार माणसाची कातडी फोडून आत शिरू शकते. लाकडाची काय कथा!

मग मळ निघतो कसा? तो रसायनाने निघतो, पाणी केवळ तो वाहून नेते. उन्हातील अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या लिग्निनची झीज करतात आणि वरचा पापुद्रा निर्जीव होऊन राखाडी दिसू लागतो. जाणता कारागीर प्रथम सोडियम परकार्बोनेटचे द्रावण शिंपडून दहा-पंधरा मिनिटे थांबतो. पाण्यात त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो, मेलेला पापुद्रा सैल होतो आणि मग बेताच्या धारेने तो सहज निघून जातो. या क्षाराने लाकूड काहीसे काळपट पडते, म्हणून त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण देतात. क्षार शमतो, खिळ्यांभोवतीचे लोहाचे काळे डागही पुष्कळ अंशी जातात आणि लाकडाचा मूळ रंग उजळतो. घाईचा माणूस या दोन्ही पायऱ्या गाळून केवळ दाबावर भिस्त ठेवतो. त्याचा तासभर वाचतो, गिऱ्हाइकाचे लाकूड मात्र जाते.

आणखी एक भान ठेवावे लागते. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडाला पूर्वी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाची प्रक्रिया देत असत. २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती बांधकामासाठी ती बंद केली. त्याआधीचा डेक निष्काळजीपणे घासला तर उडणारी भुकटी विषारी असू शकते. म्हणून लाकडाला हात लावण्याआधी त्याचे वय विचारणे हा या धंद्याचा पहिला शिष्टाचार आहे.

आता हिशेब. नवखा माणूस डेकची लांबी-रुंदी मोजतो, चौरस फूट काढतो आणि दर सांगून मोकळा होतो. तो फसतो कठड्यात. वीस बाय वीस फुटांचा डेक घ्या. जमीन ४०० चौरस फूट. एक बाजू घराला लागलेली, उरलेल्या तीन बाजूंना ६० फूट कठडा. लहान मुलाचे डोके अडकू नये म्हणून कठड्याच्या दोन उभ्या गजांमधील फट चार इंचांहून कमी ठेवावी लागते. दीड इंची गज आणि साडेतीन इंची फट धरली, तर पाच इंचांना एक गज. साठ फुटांत १४४ गज होतात आणि प्रत्येकाला चार बाजू, म्हणजे ब्रशने रंगवायच्या ५७६ बाजू. तीन फूट उंचीच्या गजाचे क्षेत्रफळ दीड चौरस फूट, म्हणजे एकूण २१६ चौरस फूट. कागदावर हे जमिनीच्या निम्म्याहून थोडे अधिक, परंतु वेळ मात्र जमिनीपेक्षा जास्त खाणारे. जमिनीवर रुंद ब्रश सरसर फिरतो, गजांपुढे माणूस गुडघ्यावर बसून राहतो. कर्जाच्या अर्जासोबत येणारे नफ्याचे अंदाज ज्यांनी तपासले आहेत, त्यांना असे न मोजलेले कठडे चांगले परिचयाचे असतील.

हंगामाचाही विचार हवा. पारा दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेला की बहुतेक तेले नीट मुरत नाहीत. न्यू जर्सीसारख्या राज्यात एप्रिल-मे ते ऑक्टोबर एवढाच काळ हाती येतो, त्यातील पावसाचे दिवस वजा जातात, आणि धुतल्यानंतर लाकूड वाळण्यासाठी दोन-तीन कोरडे दिवस मोकळे सोडावे लागतात. गाडीचा हप्ता आणि विम्याचा प्रीमियम मात्र बारा महिने चालू राहतात. कोल्हापूरच्या गुळाच्या अडत्याला हंगाम म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, पण यंत्र विकत घेऊन मे महिन्यात धंद्यात उतरलेल्या तरुणाला ते डिसेंबरात कळते.

एडिसनजवळच्या एका मराठी कुटुंबाच्या डेकची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. मुलगा संगणकक्षेत्रात, वडील सांगलीकडे चाळीस वर्षे भुसार दुकान चालवून तिकडे गेलेले. धाकट्या नातीचा वाढदिवस पंधरा दिवसांवर आला होता. सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम दिले गेले. तो एका दुपारी आला, तीन तास धार मारली आणि पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या सीडरवर तंतूंची लव उभी राहिली आणि धारेचे पट्टे आडवेतिडवे दिसू लागले. फोन केला तर तो उचलेना.

मग शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुसरा कारागीर बोलावला. साठीकडे झुकलेला, मितभाषी गृहस्थ. त्याने यंत्र गाडीतून काढलेच नाही. एक पेचकस आणि लाकडातील ओलावा मोजण्याचे छोटे उपकरण घेऊन तो डेकखाली शिरला. घराच्या भिंतीला लागून एक आडवी जाड फळी असते, सारा डेक एका बाजूने तिच्यावर तोललेला असतो. तिला तिकडे ‘लेजर’ म्हणतात. दुकानदाराला लेजर म्हटले की खतावणीच आठवणार, आणि उपमा काही वावगी नाही, कारण जमाखर्चाचा सारा भार अखेर तिच्यावरच येतो. पेचकस त्या फळीत बोटभर आत गेला. पाणी मुरून फळी कुजली होती, आणि ती बोल्टने आवळण्याऐवजी केवळ खिळ्यांवर ठोकलेली होती. माणसांची गर्दी झाली की अशाच फळ्या भिंतीपासून सुटतात आणि डेक कोसळतात.

बाहेर येऊन त्याने सांगितले की तो हे काम घेणार नाही. आधी सुतार बोलावून फळी बदला, आणि तोपर्यंत डेकवर कोणालाही जाऊ देऊ नका. वरचे तंतू घासून काढता येतील, पट्टेही बरेच जातील, पण ते नंतर.

मुलगा वैतागला. “अण्णा, बोलावणी गेली आहेत. हा तेल देऊन गेला असता तर त्या दिवसापुरते निभावले असते.”

अण्णा काही वेळ पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, “अरे, दारात आलेले गिऱ्हाईक तो परत पाठवतो आहे. यात त्याचा काय फायदा ते सांग मला.”

मुलाला उत्तर सुचले नाही. त्या फेरीचे पैसे द्यावयास तो निघाला, तर कारागिराने तेही घेतले नाहीत. वाढदिवस हिरवळीवर तंबू ठोकून झाला. सुताराचे बिल धुलाईच्या चौपट आले आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, हेही नमूद केले पाहिजे.

सप्टेंबरात तो कारागीर पुन्हा आला. दोन दिवस घासणे, मग रसायनांचे दोन हात, तिसऱ्या दिवशी काहीच नाही, चौथ्या दिवशीही काहीच नाही. उपकरणावर ओलावा १५ टक्क्यांच्या खाली दिसेपर्यंत त्याने तेलाचा डबा उघडला नाही. उघडला तेव्हा फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून ते आत शोषले जातात की नाही हेही पाहिले. तेलाचा एकच पातळ हात दिला आणि न मुरलेले तेल लगेच पुसून काढले, कारण साचलेले तेल चिकट राहते आणि धूळ धरते. अण्णा दिवसभर त्याच्या मागे उभे होते. इंग्रजी जेमतेम, पण दोघांचे खुणांनी चांगले जमले.

संध्याकाळी तेल पुसलेल्या चिंध्या तो पाणी भरलेल्या लोखंडी डब्यात एकेक करून बुडवू लागला, तेव्हा अण्णांनी कारण विचारले. मुलाने भाषांतर केले. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून तशाच कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. अण्णांच्या दुकानात आयुष्यभर जवस विकला गेला होता. त्यांनी डब्याचे झाकण उचलून आत एकवार पाहिले आणि घट्ट लावून तो डबा स्वतःच गाडीपर्यंत नेला.