मनावर घेणं

माणसानं मनावर घेतलं तर काहीही अशक्य नाही, हे मी वर्गात, पारावर, लग्नाच्या मांडवात, जिथे बोलायला मिळालं तिथे सांगत आलो. आता ते तोंडातून निघत नाही. हा बदल घडवला तो माझ्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका वादानं. कोणाचं तारण व्हायचं हे देवानं आधीच नेमून ठेवलंय की ते माणसाच्या इच्छेवर सोडलंय, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला सोळाशे वर्षं जुना वाद.

मी परंडा तालुक्यातल्या सोनारीचा. आमच्याकडे दुष्काळ पाचवीलाच पुजलेला, आणि सगळ्या घडामोडींचा हिशेब सटवाईच्या माथी. विहिरीला पाणी लागलं नाही, पोर नापास झालं, लेक माहेरी परत आली. कपाळावर लिहिलेलंच होतं. चैत्रात काळभैरवनाथाच्या यात्रेला मुलूख लोटतो, लोक नवस बोलतात, देवळाच्या आवारातली माकडं नारळावर टपून असतात. लिहिलेलं बदलत नसेल तर नवस कशाला, असं मी शिकून आल्यावर घरच्या बायकांना विचारायचो. त्या हसायच्या आणि नवस बोलायच्याच. मला तो अडाणीपणा वाटे.

हाच चष्मा लावून मी पुढे पेलागियस आणि ऑगस्टीन वाचले. पाचव्या शतकाच्या आरंभी रोममधल्या ख्रिस्ती लोकांचं सैल वागणं पाहून पेलागियस हा ब्रिटनहून आलेला तपस्वी म्हणू लागला की देवानं आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याची ताकद माणसात आहेच. सबबी सांगू नका. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला. त्याचं म्हणणं, माणसाची इच्छाच आजारी आहे. देवाच्या कृपेनं आधी उचलल्याशिवाय तिला चांगलं हवंसंही वाटत नाही. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसला पाखंडी ठरवलं. मी अर्थात पेलागियसच्या बाजूचा. ऑगस्टीन म्हणजे सटवाईचा वकील, आणि पुढचे ल्यूथर, कॅल्विन हे त्याच फडातले. प्रयत्नवादी माणसानं यांच्या नादी लागू नये, असं माझं सरळ मत होतं.

ते मत हलायला सोलापूर कारण झालं. तिथे माझ्या एका मित्राचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं, वडील निवृत्त पाळक. एकदा मी त्यांच्यासमोर आर्मिनियसची बाजू मोठ्या आवेशात मांडली. कॅल्विनच्या कडक शिकवणुकीला आव्हान देणारा हा लायडन विद्यापीठातला डच प्राध्यापक मला आमच्या गटाचा वाटत होता. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, त्याच्या लोकांचं तिसरं कलम वाचलंस का?" वाचलं नव्हतं. १६०९ साली आर्मिनियस वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन काढलं. त्यातलं तिसरं कलम जवळजवळ ऑगस्टीनचंच आहे: माणूस आपल्या बळावर चांगल्याची इच्छासुद्धा धरू शकत नाही. भांडण चौथ्या कलमात आहे. देवाचा हात पुढे आला तर तो झिडकारता येतो की नाही? येतो, असं आर्मिनियसचे अनुयायी म्हणतात. १६१८-१९ च्या डोर्टच्या धर्मसभेनं ठरवलं की नाही. देवानं ज्याला निवडलंय त्याला ती कृपा वळवतेच.

म्हणजे ज्याला मी दैव विरुद्ध प्रयत्न समजत होतो, ते तसं नव्हतंच. माणूस आपलाआपण उठू शकत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य! माझी बाजू, म्हणजे मनावर घे की झालं, ही त्या भांडणात कुठेच नव्हती. ती त्या भांडणाच्या बाराशे वर्षं आधीच निकालात निघाली होती. (या सभेच्या धामधुमीत डच राजकारणही शिजत होतं. आर्मिनियसच्या बाजूचा कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये तो पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून निसटला. युक्ती बायकोची. ती कोणी नेमून ठेवली होती, हे दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीनं ठरवावं.)

पुस्तकातलं कलम पुस्तकात राहिलं असतं. पण गावात आमच्या आळीत एक माणूस होता, दारूपायी शेत घालवलेला. त्यानं भैरवनाथापुढे शपथ घेतली, गळ्यात माळ घातली, आणि पोळ्यापर्यंत माळ खुंटीवर गेली. मी त्याला पुन्हा पुन्हा एकच सांगायचो, मनावर घे. एकदा तो म्हणाला, "गुरुजी, मनावर घ्यायचं मनच जाग्यावर न्हाई, त्याला काय करू?" रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल अगदी याच जागी अडलाय, हे मला घरी आल्यावर आठवलं. पेलागियसचं बोलणं धडधाकट माणसाला टॉनिक; पडलेल्याला मात्र ते आणखी एक लाथ घालतं. तू पडलास, उठायची ताकद होती, उठला नाहीस, तेव्हा दोष सगळा तुझा. उचल घेऊन कोयत्यावर गेलेल्या जोडप्याला 'शिका, मोठे व्हा' सांगणारी भाषणंही मला तेव्हापासून टोचतात. मी स्वतः ती केली आहेत.

नेमून ठेवलंय असं मानणारी माणसं हातावर हात धरून बसतात, हाही माझा समज टिकला नाही. कॅल्विनच्या परंपरेत वाढलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१३ मध्ये मुंबई गाठली, कंपनी सरकार हाकलू पाहत असताना ठाण मांडलं, शाळा काढल्या, छापखाना घातला. त्यांतला गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिक भागातल्या दौऱ्यावर असताना पटकीनं गेला. निकाल देवाच्या हाती आहे म्हटल्यावर अपयशाची धास्ती उरत नसावी. आमच्या बायकांचा नवसही मग मला तितकासा विसंगत वाटेना.

तरी कॅल्विनपाशी मी पोचलेलो नाही. काहींना निवडलं म्हणजे बाकीच्यांना टाकलं, हे त्याच्या शिकवणुकीतलं दुसरं पातं माझ्या गळ्याखाली उतरत नाही. माणूस स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून 'मला कोणीतरी इथवर आणलं' म्हणतो तेव्हा ती कृतज्ञता असते. तेच दुसऱ्याच्या ओट्यावर बसून, फास घेतलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला 'नेमलेलंच होतं' म्हणून ऐकवलं की कर्ज, भाव, पाऊस सगळे सुटतात आणि बोलणाराही सुटतो.

या दोन टोकांमध्ये मला टिळक दांपत्यानं धरून ठेवलंय. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते पटण्यासारखं नव्हतं. पुस्तक वाचायचं तेवढं कबूल केलं. डोंगरावरील प्रवचनापाशी पोचले आणि सुटका राहिली नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, तोही अमेरिकन मराठी मिशनच्या पाळकाकडून. डोर्टच्या पंडितांना याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

पण त्याच घरात लक्ष्मीबाई होत्या. त्यांना कोणी भाकीत सांगितलं नव्हतं. नवरा गेला त्या वाटेनं जायला त्यांनी साफ नकार दिला, दूर राहिल्या, पुढे एकत्र आल्यावरही सोवळं सोडलं नाही. मग एकेक गोष्ट आपल्या मनाशी घासूनपुसून पाहत १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना त्या पाच वर्षांतला नकार लटका होता, शेवट ठरलेलाच होता, असं मला एका पानावरही वाटलं नाही. म्हणून काकांनी अलीकडे पुन्हा विचारलं तेव्हा मी तिसरं कलम मान्य केलं, आणि चौथंही, लक्ष्मीबाईंच्या भरवशावर.