नावानं हाक मारली की

मिरजेत १९९३ साली मी टायपिंगचा क्लास लावला, तेव्हा पहिले पंधरा दिवस एकच ओळ बडवायची होती : एएसडीएफजीएफ, सेमिकोलन एलकेजेएचजे. गोदरेजचं जड मशीन, करंगळीत जोर नसल्यामुळे फिकट उमटणारा ‘ए’ आणि ओळ संपत आली की वाजणारी घंटी. सर मागून येऊन माझ्या हातांवर पुठ्ठा धरत. कळा दिसेनाशा होत. ‘बघायचं नाही, बोटांना ठाऊक असतं,’ एवढंच म्हणत. महिन्याभरात बोटांना खरंच ठाऊक झालं. त्यानंतर जे काही लिहिलं, तपासलं, ते त्या पुठ्ठ्याखाली शिकलेल्या बोटांनी.

पुढे डीटीपी सेंटरमध्ये कॉम्प्युटर भेटला. काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. ‘डब्ल्यूएस’ टाइप करून एंटर दाबलं की वर्डस्टार उघडायचं. दोन अक्षरांची हाक, लगेच ओ. मग विंडोज आलं, सोबत माऊस आला. चित्रं दिसू लागली, नवख्या माणसाची भीती गेली, हे मोठंच काम झालं. पण माझा उजवा हात दर मिनिटाला कीबोर्ड सोडून बाहेर पडू लागला. स्टार्ट, प्रोग्राम्स, त्यातलं आणखी एक दार, त्यातली चौथी ओळ. मुद्रितं तपासताना एखाद्या वाक्याचा तोल हाताशी येत असायचा, आणि कोश उघडायला गेले की परत येईपर्यंत तो सुटलेला असायचा. काही वर्षांनी मनगट दुखू लागलं. त्याहून जास्त दुखायचं ते हे सुटणं.

आमच्या आईला स्वयंपाकघरात काही शोधावं लागत नसे. वीज गेली तरी तिचा हात अंधारात दुसऱ्या फळीवरच्या तिसऱ्या डब्यावर जायचा आणि मोहरी निघायची. मीही फाइली तशाच लावल्या. डी ड्राइव्ह, त्यात ‘कामं’, त्यात साल, त्यात प्रकाशक, त्यात पुस्तक. पण आईचे डबे वीस-पंचवीस होते आणि तीस वर्षं जागचे हलले नव्हते. माझ्या फाइली हजारांत गेल्या आणि दर दोन-चार वर्षांनी यंत्र बदललं की त्यांचं घर बदलायचं. जागा लक्षात ठेवून वस्तू सापडते, पण त्यासाठी घर लहान असावं लागतं आणि तेच राहावं लागतं.

साधारण २००८ मध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं माझ्या मशीनवर लाँची टाकून दिलं. ऑल्ट आणि स्पेसबार एकदम दाबायचं, मधोमध एक चिंचोळी चौकट येते, तीत दोन-तीन अक्षरं टाइप करायची, एंटर. प्रोग्राम समोर. मी थबकले. पंधरा वर्षांपूर्वीची ती ‘डब्ल्यूएस’ची हाक परत आली होती, आणि आता तर नाव पूर्ण घ्यायचीही गरज नव्हती. घरातली माणसं अर्ध्या नावानं मारलेली हाक ओळखतात, तसं ते यंत्र माझी अर्धी हाक ओळखू लागलं होतं. नंतर ‘एव्हरीथिंग’ नावाचं छोटं साधन मिळालं. विंडोज डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची एक नोंदवही स्वतःच ठेवतं. ‘एव्हरीथिंग’ एकेक फोल्डर उघडून बघत बसत नाही, थेट ती नोंदवहीच वाचतं. म्हणून टाइप करता करता यादी आकसत जाते आणि हवी ती फाइल उरते.

ही कल्पना कुणाकुणाच्या हातून आली हे मी मग हौसेनं वाचलं. अ‍ॅपलमध्ये १९७९ साली मॅकिंटॉशचं काम सुरू करणारे जेफ रास्किन पुढे तिथून बाहेर पडले आणि त्यांनी १९८७ मध्ये बाजारात आलेलं ‘कॅनन कॅट’ रचलं. त्याला माऊस नव्हता. स्पेसबारखाली ‘लीप’ नावाच्या दोन कळा होत्या. त्यातली एक दाबून धरायची आणि हवा तो मजकूर टाइप करायचा, की कर्सर तिथं उडी घेई. ज्याच्या नावावर मॅकिंटॉशची सुरुवात आहे, त्यानंच हात कीबोर्डवरून उचलू नये म्हणून इतका विचार केला होता, हे वाचून मला माझ्या मनगटाची तक्रार कुणीतरी आधीच ऐकल्यासारखं वाटलं. नावाच्या दोन-चार अक्षरांवरून प्रोग्राम उघडणारं लाँचबार आधी नेक्स्टस्टेप या प्रणालीवर जन्मलं आणि नंतर मॅकवर आलं. २००३ मध्ये त्याच जातीचं क्विकसिल्व्हर आलं. २००५ मध्ये मॅकच्या टायगर आवृत्तीसोबत अ‍ॅपलनं स्पॉटलाइट दिलं आणि कमांड-स्पेस ही जोडी घरोघरी पोचली.

मी स्वतः मॅक घेतला तेव्हा निवड करायची वेळ आली. स्पॉटलाइट होतंच. शिवाय लाँचबार, अल्फ्रेड आणि २०२० मध्ये आलेलं रेकास्ट. प्रत्येकाला मी एकेक आठवडा दिला, रोजच्या कामात. मला तीनच गोष्टी हव्या होत्या. चौकट विचाराच्या आधी हजर व्हावी, कारण अर्ध्या सेकंदाचा उशीरही वाक्य तोडतो. मी काय निवडते ते तिनं लक्षात ठेवावं. आणि आधी कॉपी केलेले उतारे परत देता यावेत, कारण संपादनात तेच सारखं लागतं. रेकास्ट हे उतारे फुकट सांभाळतं आणि त्याचा आवाका मोठा आहे. अल्फ्रेडमध्ये त्यासाठी पॉवरपॅक विकत घ्यावा लागतो. तरी मी अल्फ्रेड घेतलं. चौकट उघडून आधी स्पेसबार दाबला की ते फक्त फाइली शोधतं, ही एक सवय बोटांना पहिल्याच दिवशी पटली. सरांचा निकष मी तिथं लावला. बघावं लागत नव्हतं.

पण मराठीत हाक मारली आणि बऱ्याच फाइलींनी ओ दिली नाही. जुन्या फॉन्टांतला मजकूर पडद्यावर मराठी दिसायचा, आत मात्र रोमन अक्षरांची निरर्थक माळ होती. ‘प्रस्तावना’ शोधली तर ती तिथं नव्हतीच. युनिकोडमध्ये केलेल्या कामांतही एक गाठ निघाली. ‘दुसऱ्या’ आणि ‘बऱ्याच’मधला आपला तो खास अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन. दुसरी, साध्या र पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. ‘दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं’ ही फाइल समोर असून मला दोन दिवस सापडली नव्हती, ती यामुळे.

आणि उरलेल्या न सापडण्याचं कारण मी होते. ‘नवीन १’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘सरांना पाठवलेली’. जागा ठाऊक होती तोवर नावांवाचून अडलं नव्हतं. हाक मारायची ठरवल्यावर कळलं, की मी वर्षानुवर्षं बारसंच केलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात रोज रात्री अर्धा तास मी तेवढंच केलं. एकेक फाइल उघडायची, जुना फॉन्ट असेल तर युनिकोडमध्ये आणायची, अर्धा र एकाच तऱ्हेचा करायचा आणि मग नाव. नाव देण्यासाठी आधी वाचावं लागतं, ही माझ्या कामातली सगळ्यात जुनी गोष्ट मला तिथं नव्यानं शिकायला मिळाली. एका ‘नवीन १’मध्ये आईनं सांगितलेलं गोड्या मसाल्याचं प्रमाण निघालं. मी कधीतरी घाईत उतरवून घेतलेलं. तिला रात्रीच फोन केला आणि वाचून दाखवलं. ‘धने दीडपट कर गं,’ ती म्हणाली. ते दुरुस्त केलं आणि नाव ठेवलं : गोडा मसाला, आईचा.

आजही दिवस संपताना मी यंत्र बंद करण्याआधी त्या दिवसाच्या फाइलींची नावं नीट करते. उद्या अल्फ्रेडची जागा दुसरं काही घेईल, यंत्र तर नक्कीच बदलेल. नावं माझ्यासोबत येतील. बोटं एएसडीएफवर टेकवून, न बघता, मी अर्धी हाक मारीन.