पस्तीसची लेन्स

दहावीत असतानाची गोष्ट. १६ डिसेंबरला, विजय दिवसाच्या संध्याकाळी, आपल्या शाळेच्या युद्धस्मारकापाशी दिवे लावतात. त्या वर्षी शाळेच्या एका हुतात्मा माजी विद्यार्थ्याच्या आई पहिला दिवा लावायला आल्या होत्या. फोटोग्राफी क्लबचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि मी छाती फुगवून उभा होतो.

विजेचे दिवे मालवले. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ची झूम लेन्स मी पार ५५पर्यंत फिरवली आणि बटण दाबले. स्क्रीनवर पाहतो तर चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळा फराटा! घाबरून फ्लॅश उघडला. ऐन मौनाच्या वेळी स्मारकावर लख्ख उजेड पडला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कार्यक्रम संपल्यावर माताजींनी हिंदीत विचारले, "बेटा, फोटो आला का?" फ्लॅशच्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेले होते आणि दिव्याची ज्योत दिसतच नव्हती. मी "नाही" म्हणालो. त्या रात्री मिळालेल्या शिक्षेपेक्षा तो प्रश्न जास्त लागला.

चूक नेमकी काय झाली, ते पुढे क्लबच्या सरांनी समजावले. लेन्सच्या फोकल लेंग्थला तिच्या छिद्राच्या व्यासाने भागले की एफचा आकडा मिळतो. म्हणजे आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. माझी लेन्स ५५वर एफ/५.६पेक्षा जास्त उघडतच नव्हती. एफ/१.८ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे मला १/८ सेकंद लागला, तिथे १/८० पुरला असता. "पण सर, आपल्या लेन्सला कंपनरोधक आहे ना?" मी विचारले. सर म्हणाले, "तो तुझ्या हाताचा थरथराट थांबवतो. समोरच्या माणसाची हालचाल कशी थांबवणार?"

झूम नसलेली, मोठ्या छिद्राची लेन्स घ्यायची हे ठरले. पण कोणती? ५० मिमीची एफ/१.४ घ्यावी असे माझ्या मनात होते. रविवारच्या फोनवर बाबांना किंमत सांगितली. बाबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशांचं बघू. पण तुला अंधारात फोटो काढायचेत की लेन्स मिरवायचीय, ते आधी ठरव."

सरांकडे एक जुनी ५०ची एफ/१.४ होती, हाताने फोकस करायची. ती मागून घेतली आणि रात्री डॉर्मिटरीत मित्राचे फोटो काढले. टोपीवरचा बिल्ला खणखणीत, डोळे मात्र धूसर! दीड मीटरवरून पूर्ण उघड्या लेन्सने जेमतेम तीन बोटे खोलीच स्पष्ट येते. स्टॅनली कुब्रिक यांनी १९७५च्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडातली दृश्ये एफ/०.७च्या लेन्सने टिपली, तेव्हा नटांना फार हालताही येत नव्हते म्हणे. आणि १.८पेक्षा १.४ने उजेड मिळतो तो दीडपटीहून थोडाच जास्त. तेवढ्यासाठी बाबांच्या खिशाला कात्री लावणे मला पटेना.

राहिला प्रश्न ३५ की ५०चा. आमच्या क्लबच्या निकॉनचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे त्यावर ५०ची लेन्स ७५सारखी आणि ३५ची सुमारे ५२सारखी दिसते. सरांनी युक्ती सांगितली. झूमचे कडे चिकटपट्टीने एक आठवडा ५०वर बांधून ठेवायचे आणि एक आठवडा ३५वर. पन्नासच्या आठवड्यात मेसमध्ये, डॉर्मिटरीत पाठ सारखी भिंतीला टेकायची. पस्तीसच्या आठवड्यात मात्र मलाच पुढे जावे लागले. ३५ची एफ/१.८ पक्की झाली. घेताना एकच खबरदारी घेतली. लेन्सच्या आत फोकसची मोटर आहे ना, ते पाहिले, कारण आमच्या कॅमेऱ्यात ती नाही. जुन्या स्वस्त लेन्स त्यावर बसतात, पण आपोआप फोकस होत नाहीत.

या वर्षीही माताजी आल्या. पस्तीसच्या लेन्सने दुरून काम भागणार नव्हते. म्हणून कार्यक्रमाआधी मी त्यांच्याजवळ गेलो, गेल्या वर्षीच्या फ्लॅशबद्दल क्षमा मागितली आणि विचारले, "माताजी, दोन मीटरवर उभा राहिलो तर चालेल?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चालेल. पण दिवा लागेपर्यंत थांब हं."

मी थांबलो. आयएसओ ३२००, एफ/२, १/६० सेकंद. जवळच्या डोळ्यावर फोकस धरला. ज्योत स्थिर झाली, त्यांनी मान वर केली आणि मी बटण दाबले. फक्त तीनदा. फोटोत दाणे आहेत, मागचे स्मारक धूसर आहे. पण डोळे स्पष्ट आहेत आणि त्यांत दिवा आहे.

प्रिंट हातात घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग पिशवीतून मुलाचा छोटा फोटो काढून त्यांनी तो त्या प्रिंटला लागून ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

बारावीनंतर ही लेन्स मी क्लबच्या कपाटात ठेवून जाणार आहे. मित्रांनो, पुढच्या विजय दिवसाला ती तुमच्यापैकी कोणाच्या तरी हातात असेल. तिला झूम नाही. जवळ तुम्हालाच जावे लागेल, तेव्हा आधी विचारा.

– कॅडेट, इयत्ता अकरावी